एटीटाइनी८५ : आठ पायांच्या चिपमध्ये पहिला प्रोग्रॅम

एटीटाइनी८५ म्हणजे एक छोटा मायक्रोकंट्रोलर, आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालवणारी चिप. पुण्याच्या तपकीर गल्लीत ती घ्यायला जाल तेव्हा ‘एटीटाइनी८५, डीआयपी’ (लांब पायांची) असं पूर्ण सांगा. बोर्डावर सोल्डर करायची बारीक एसएमडी हाती पडली तर ती ब्रेडबोर्डमध्ये (सोल्डरिंगशिवाय भाग जोडायच्या भोकांच्या पट्टीत) बसणार नाही. शिवाय १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ‘१०४’ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर, एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि जम्पर वायरी लागतील. चिपमध्ये प्रोग्रॅम टाकायला वेगळा प्रोग्रॅमर नको, अर्डुइनो ऊनो हा बोर्ड पुरतो.

आधी ऊनोमध्ये अर्डुइनो सॉफ्टवेअरच्या एक्झाम्पल्समधलं ‘अर्डुइनो आयएसपी’ स्केच (प्रोग्रॅम) टाका, म्हणजे ऊनो प्रोग्रॅमरचं काम करेल. ते झाल्यावरच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ऊनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये लावा, धन पाय रीसेटकडे. तो नसेल तर अपलोड सुरू होताच ऊनो रीसेट होऊन स्वतःच्याच बूटलोडरमध्ये (नवा प्रोग्रॅम घेणाऱ्या सुरुवातीच्या कोडमध्ये) शिरतो.

चिपवरच्या ठिपक्याजवळचा पाय १ नंबरचा. तिथून डावीकडे खाली ४ पर्यंत, मग उजवीकडे खालून वर ५ ते ८. ऊनोच्या १० वरून वायर पाय १ ला, ११ वरून ५ ला, १२ वरून ६ ला, १३ वरून ७ ला. पाय ८ ला ५ व्होल्ट, ४ ला ग्राउंड, आणि या दोघांमध्ये चिपला अगदी खेटून १०४.

आता अर्डुइनो सॉफ्टवेअरला ही चिप ओळखता यावी म्हणून बोर्ड मॅनेजरमधून एटीटाइनीकोअर घ्या. बूटलोडर नसलेला ८५ चा बोर्ड, क्लॉक ‘८ मेगाहर्ट्‌झ इंटर्नल’ आणि प्रोग्रॅमर ‘अर्डुइनो ॲज आयएसपी’ निवडून एकदा ‘बर्न बूटलोडर’ करा. बूटलोडर जात नाही, फक्त फ्यूज (चिपमधली क्लॉकसारखी कायम राहणारी सेटिंग्ज) सेट होतात. नवी चिप १ मेगाहर्ट्‌झवर चालते. ही पायरी गाळलीत तर एक सेकंदाचा डिले आठ सेकंदांचा होतो.

एलईडी रेझिस्टरसह पाय २ आणि ग्राउंडमध्ये लावा. कोडमध्ये मात्र या पायाचा नंबर ३ आहे, नवशिके इथेच अडकतात. एलईडी लुकलुकवणाऱ्या ‘ब्लिंक’ एक्झाम्पलमध्ये तो बदलून ‘अपलोड युजिंग प्रोग्रॅमर’ने पाठवा.

सिग्नेचर (चिपचा ओळख क्रमांक) चुकीची आल्याची एरर दिसली तर चिपला लगेच दोष देऊ नका. सगळे शून्य किंवा सगळे एफ दिसत असतील तर बहुतेक वेळा एखादी वायर सैल किंवा उलटसुलट असते. क्लॉकमध्ये चुकून एक्स्टर्नल क्रिस्टल (चिपला बाहेरून क्लॉक देणारा भाग) निवडलं असेल तर क्रिस्टल जोडल्याशिवाय चिप उत्तर देत नाही. पाय २ आणि ३ ला क्रिस्टल लावून फ्यूज पुन्हा बदला.

रीसेटचा पाय (पाय १) साधी पिन म्हणून वापरायचा मोह टाळा. तो फ्यूज बदलला की ऊनोवरून प्रोग्रॅमिंग बंद, मग १२ व्होल्टचा हाय-व्होल्टेज प्रोग्रॅमर शोधावा लागतो. पिना कमी पडत असतील तर १४ पायांची एटीटाइनी८४ घ्या.