लाइफगेन डेक लावताय? मग लाइफ किती नाही, किती वेळा ते मोजा

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळातला माझा पहिला लाइफगेन डेक (लाइफ वाढवण्यावर बेतलेला कार्डांचा संच) म्हणजे नुसता भरणा होता, लाइफ वाढवणारं जे कार्ड दिसेल ते आत. सुरुवातीच्या २० लाइफवरून ४५ वर गेलो, मी खुश, आणि समोरच्याने निवांत बोर्ड (टेबलावरची त्याची बाजू) भरला न मला धुतला, कारण उलटं मारायला माझ्याकडे काही नव्हतंच. नुसत्या लाइफने गेम जिंकत नाही, फक्त उशिरा हरता.

तर आधी बघायचं की लाइफ मिळाल्यावर काय होतंय. अजानीज प्राइडमेट हे क्रीचर (लढणारं कार्ड) घ्या, दोन मानाचं (माना म्हणजे कार्ड खेळायची किंमत), २/२ (मारायची ताकद/सहन करायची ताकद), लाइफ मिळालं की दरवेळी एक +१/+१ काउंटर, म्हणजे दोन्ही आकडे एकेकाने वाढतात. "दरवेळी" इथेच सगळी गंमत आहे, एकदम ५ लाइफ आलं तरी काउंटर एकच, पण तेच १-१ करून पाच वेळा आलं तर पाच. म्हणून मोठा आकडा देणारी महागडी स्पेल्स काढून टाका आणि थेंब थेंब देणारी भरा: सोल वॉर्डन, सोल्स अटेंडंट, दोन्ही एक मानाची, दुसरं कुठलंही क्रीचर बोर्डवर आलं की १ लाइफ.

आता समजा तुमच्याकडे दोन वॉर्डन आणि एक प्राइडमेट आहे. समोरचा २/२ बघून बिनधास्त अटॅक करतो. तुम्ही रेज द अलार्म टाकता (इन्स्टंट आहे, त्याच्या टर्नमध्ये चालतं), दोन सोल्जर टोकन (डेकमधल्या कार्डाशिवाय येणारी छोटी क्रीचर) येतात, प्रत्येक टोकनला दोन्ही वॉर्डन ट्रिगर होतात म्हणजे चार वेळा लाइफ, आणि ब्लॉक करायच्या आधीच प्राइडमेट ६/६. समोरच्याचा चेहरा बघायचा फक्त.

लाइफलिंकचंही (जेवढं मारलं तेवढं लाइफ मिळतं) तसंच, दोन लाइफलिंकवाल्यांनी एकत्र मारलं तरी ते दोन वेळा धरतात.

६० कार्डांचा माझा हिशोब साधारण असा: २२ लँड (माना देणारी कार्डं), वॉर्डन आणि अटेंडंट ४-४, ४ हीलर्स हॉक (लाइफलिंकवालं), ४ प्राइडमेट, ४ व्हॉइस ऑफ द ब्लेस्ड (प्राइडमेटसारखंच वाढणारं), २ आर्चएंजल ऑफ थ्यून (लाइफ मिळालं की तुमच्या सगळ्या क्रीचरना काउंटर), टोकनवाली ८, ४ पाथ टू एक्झाइल (समोरच्याचं क्रीचर हटवायला). उरलेल्या ४ जागा तुमच्या. सेरा असेंडंटचा मोह होतो, ३० लाइफला ६/६ आणि उडतं, पण २० वरून ३० गाठेपर्यंत ते बिचारं १/१ च असतं. कमांडर या मॅजिकच्याच दुसऱ्या प्रकारात ४० ने सुरुवात होते, तिथे मात्र डोळे झाकून घ्या.

घात कुठे होतो सांगू? रॅथ ऑफ गॉडसारखं सगळी क्रीचर मारणारं कार्ड पडलं की सगळा संसार साफ, म्हणून बोर्ड जड झाला की एक-दोन क्रीचर हातातच ठेवा. आणि पॉयझनवाल्यासमोर (जो लाइफऐवजी तुम्हाला पॉयझन काउंटर देतो) लाइफ शंभर असलं तरी शून्य उपयोग, तुमच्यावर १० पॉयझन काउंटर झाले की खेळ खलास, तिथे लाइफचा विचार सोडून सरळ मारत सुटायचं.

अजून एक, समोरच्याचं क्रीचर आलं तरीही तुमची वॉर्डन लाइफ देते. निम्मे लोक हे विसरतात. वॉर्डनवर एक फासा ठेवत जा, नजर पडली की आठवतं.