माशांच्या विषाणूरोधक प्रथिनांवर प्रयोग करताना या चुका टाळा

माशाच्या एखाद्या प्रथिनाचे जनुक प्लास्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या वर्तुळाकार रेणूत) घालून पेशींत सोडले, मागाहून विषाणूचा संसर्ग दिला आणि तळाला चिकटून राहिलेल्या पेशींना रंग देणाऱ्या क्रिस्टल व्हायोलेटने रंगवल्यावर प्रयोगाच्या ताटलीतील त्या खळग्यातील पेशींचा थर गर्द जांभळा व अखंड दिसला, तर प्लास्मिड न दिलेल्या शेजारच्या खळग्यात मात्र थराच्या चिंध्या झालेल्या आढळल्या, की प्रथिन विषाणूरोधक असल्याचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. सर्वांत मोठी चूक बहुधा इथेच होते. पेशीत शिरलेला परका डीएनए ही मुळातच धोक्याची सूचना असते. तिच्यामुळे इंटरफेरॉन (पेशीतून बाहेर पडून इतर पेशींनाही विषाणूविरुद्ध सावध करणारे प्रथिन) तयार होऊन नुसत्या प्लास्मिडनेही पेशी वाचू शकतात. म्हणून तुलना प्लास्मिड न दिलेल्या पेशींशी नव्हे, तर तितक्याच मात्रेत दिलेल्या रिकाम्या, म्हणजे ते जनुक नसलेल्या, प्लास्मिडशी करावी.

संरक्षण खरे ठरले, तरी ते कोणी दिले हा प्रश्न उरतोच. एमएक्ससारखे प्रथिन थेट विषाणूच्या वाढीत अडथळा आणते, तर एमएव्हीएस आणि आयआरएफ-३ ही प्रथिने केवळ निरोप पुढे पोहोचवतात व त्यातून इंटरफेरॉन निर्माण होते. हा भेद तपासण्याची एक सोपी वाट आहे: प्लास्मिड दिलेल्या पेशींवरील माध्यम (पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव) ताज्या पेशींवर घालून मग संसर्ग द्यावा. त्या पेशी वाचल्या, तर इंटरफेरॉन बाहेर पडले असण्याची शक्यता दाट आहे. मात्र हे माध्यम पहिल्या पेशींना संसर्ग देण्याआधीच काढून घ्यावे, अन्यथा त्याच्याबरोबर विषाणूही जातो.

प्रायमर (ठरावीक जनुक ओळखून मोजण्यासाठी त्याच्याशी जुळवून बनवलेला डीएनएचा छोटा तुकडा) चालत नसेल, तर अभिकर्मकांना दोष देण्याआधी पेशींचे मूळ पाहावे. ईपीसी ही पेशीरेषा (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशींचा वंश) वर्षानुवर्षे कार्प माशाची म्हणून वापरली गेली. ती फॅटहेड मिनो या वेगळ्याच माशाची असल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. (नाव मात्र अजूनही कार्पचेच!) शिवाय अस्थिमत्स्यांच्या पूर्वजांत संपूर्ण जनुकसंच दुप्पट झालेला असल्यामुळे एकाच जनुकाच्या दोन प्रती आढळू शकतात आणि गाफीलपणे निवडलेला प्रायमर दोन्ही प्रतींची बेरीज दाखवतो.

प्रत्येक प्रतिकार-प्रथिन विषाणूविरुद्धच लढेल, असेही गृहीत धरू नये. झेब्राफिश या माशातील आयआरएफ-१० हे प्रथिन इंटरफेरॉनच्या प्रतिसादाला लगाम घालते. त्याचे प्रमाण वाढवल्यावर विषाणू फोफावला, तर प्रयोग फसला असे समजण्याचे कारण नाही.

तापमानाची नोंद तर अनेकदा ठेवलीच जात नाही. मासा शीतरक्ताचा असल्यामुळे थंड पाण्यात इंटरफेरॉनचा प्रतिसाद सावकाश उभा राहतो, आणि उबदार पाण्यातील प्रयोगावरून ठरवलेल्या वेळी नमुना घेतल्यास प्रथिन निष्क्रिय असल्याचा भास होतो. अशा वेळी प्रथिनावर काट मारण्यापूर्वी तोच नमुना आणखी दोन-तीन वेळा, वाढत्या अंतराने घ्यावा.