इंजिन उघडण्याआधी ठरवा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमची लेथची शेड आहे. बोअर मारणं (सिलिंडर आतनं कापून मोठा करणं), स्लीव्ह बसवणं (सिलिंडरमध्ये नवी नळी घालणं), हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग फेस करणं (घासून सपाट करणं), क्रँक ग्राइंड करणं ही आमची कामं. म्हणजे तुमचं इंजिन माझ्या टेबलावर येतं तेव्हा गॅरेजमध्ये ते अगोदरच सुटं झालेलं असतं. गाडी ठोकळ्यावर, हेड माझ्याकडं, बोल्ट डब्यात. आता मालकानं दुरुस्ती करायची नाही असं ठरवलं तरी ती गाडी विकायची कशी? सुट्या इंजिनाची गाडी भंगाराच्या भावानंच जाते. म्हणून मिस्त्री जो आकडा सांगेल त्याला मान डोलवावी लागते. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण काय करायचं ते हेड खोलायच्या आधी ठरवा.

"इंजिन गेलं" असं कुणी म्हणालं की पहिलं विचारायचं, कशावरनं? धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. पण कधी जळतंय ते बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट केल्यावर एक निळा भपका आला आणि नंतर साफ झाला, तर बहुतेक व्हॉल्व सील कडक झालेत. ते काम इंजिन न उतरवता होतं. चढाला, लोडवर सतत निळा धूर असेल तर मात्र पिस्टनच्या रिंगांचा संशय घ्यायचा. काळा धूर म्हणजे डिझेल-पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर, इंजेक्टर, सेन्सर. त्यासाठी इंजिन खोलायला निघालेला मिस्त्री बदला. पांढरा धूर थंडीत सगळ्याच गाड्या सोडतात. गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तरच काळजी.

ऑइल खातेय म्हणून लगेच घाबरू नका. डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत भरा, हजार किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच खुणेपर्यंत आणायला किती लागलं ते मोजा. अर्ध्या लिटरच्या आत असेल तर जुन्या गाडीच्या इंजिनाला मी तरी हात लावणार नाही. दर रविवारी डिपस्टिक बघायची, डिकीत एक डबा ठेवायचा, झालं.

आता खरी तपासणी. कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावायला सांगा. हे काम तासाभराचं आहे आणि त्यासाठी एकही पॅकिंग (दोन भागांमधलं गॅस्केट) फाडावं लागत नाही. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली हवी, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल आणि करंट बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेरे मारून आकडा लिहून घ्यायचा. तुम्ही स्वतः शेजारी उभं राहून लिहा, फोनवर ऐकू नका. छोट्या पेट्रोल इंजिनात दीडशे पीएसआयच्या (दाबाचं माप) वर आकडे असले तर जीव आहे. डिझेलला गेज वेगळं आणि आकडे त्याच्या दुपटीच्याही वर. पण आकड्यापेक्षा सारखेपणा बघायचा. 180, 175, 178 आणि एकच 110 आला, तर त्या एका सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा फिरवा. आकडा चढला तर रिंग नाहीतर बोअर झिजलाय, कारण ऑइलनं ती फट तात्पुरती भरली. तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा हेड पॅकिंग. शेजारशेजारचे दोन कमी आले तर दोघांच्या मधलं पॅकिंग जळलेलं असण्याची शक्यता जास्त.

हा फरक पैशाचा आहे. नुसतं हेडचं काम, म्हणजे पॅकिंग, फेसिंग, व्हॉल्व ग्राइंडिंग, सील, आमच्या भागात छोट्या पेट्रोल गाडीला साधारण दहा-पंधरा हजारांत बसतं. फुल इंजिन, म्हणजे बोअर, पिस्टन-रिंग, बेअरिंग, क्रँक धरून, पस्तीस-पन्नास हजार. डिझेलला त्याच्या दुपटीची तयारी ठेवा, टर्बो आणि इंजेक्टर वेगळे.

गाडी गरम होते म्हणून येणारी गिऱ्हाइकं आमच्याकडं आंबा घाटातनं येतात. रत्नागिरीहून चढताना काटा वर जातो, मलकापुरात उतरून पाणी ओततात आणि कुणीतरी सांगतं, हेड गेलं. आधी रेडिएटरचं झाकण, फॅनचा स्विच, पाइप, वॉटर पंप बघा. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकायची आपल्याकडं फार जुनी खोड आहे, ती करू देऊ नका. थंड इंजिनावर झाकण उघडून स्टार्ट केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर असेल, तर मात्र पॅकिंग गेलंय असं धरा. (झाकणाखालचा थर नुसत्या जवळच्या फेऱ्यांमुळेही येतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ आहे का ते बघा.) अशा गाडीला आणखी दहा किलोमीटर हाकललं तर पॅकिंगचं काम हेडवर जातं.

2019 आणि 2021 च्या पुरानंतर आमच्या शेडमध्ये कनेक्टिंग रॉड वाकलेल्या इंजिनांची रांग लागली होती. पाण्यात बुडालेली गाडी मालकांनी स्टार्ट करून बघितली, एवढंच कारण. सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, मग रॉड वाकतो. अशी गाडी टोइंग करून न्या. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

आता इंजिन सोडून गाडीकडं या, कारण माझ्या मते निर्णय तिथंच होतो. इंजिन काय, कुठलंही उभं करता येतं. 0.25 किंवा 0.50 मिलिमीटरनं मोठे, म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन मिळतात, ते संपले तर स्लीव्ह आहे. पत्र्याला ओव्हरसाइज नाही. एक जुनी वॅगनआर आठवते, समुद्राकाठी राहिलेली. तिच्या बोअरच्या वरच्या टोकाला नखाला कडाही लागत नव्हती, म्हणजे झीज जवळजवळ शून्य. होनिंगच्या, म्हणजे बोअर बनवताना आतनं मारलेल्या, तिरप्या रेघा अजून दिसत होत्या. आणि मालकानं पायाखालची मॅट उचलली तर खालची जमीन दिसली. त्या माणसानं हेडचं काम आधीच करून घेतलं होतं. तेव्हा गाडी लिफ्टवर घ्या, फ्लोअर, सस्पेन्शनचे जॉइंट आणि दाराखालच्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. टोक आत गेलं तर इंजिनावर पैसे घालू नका.

मग आरसी काढा. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल 2022 पासून मोटारीची ही फी 600 वरनं 5,000 रुपये झाली, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला 10,000. वर महाराष्ट्रात पर्यावरण कर, शिवाय पासिंगला गाडी न्यायची तर लाइट, ब्रेक, टायर धड हवेत. मुदत सहा महिन्यांत संपत असेल तर तो खर्चही इंजिनाच्याच बिलात धरा.

हिशेब असा करा: दुरुस्ती, अधिक दोन वर्षांत लागणारा क्लच, टायर, सस्पेन्शन, अधिक पासिंग. "गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च नको" हे लोक सांगतात, ते मला अर्धंच पटतं. गाडी विकून येणाऱ्या पैशात खर्चाचे पैसे घालून जी दुसरी जुनी गाडी मिळेल, तिच्याशी तुलना करा. तिचं कॉम्प्रेशन तुम्हाला ठाऊक नसतं. स्वतःच्या गाडीचं ऑइल कधी बदललं हे तरी तुम्हाला माहीत आहे. पत्रा चांगला, कागद चांगले आणि बिघाड नुसत्या हेडचा असेल तर मी दुरुस्त करा म्हणेन. फुल इंजिन लागत असेल आणि वर्षाला पाच हजार किलोमीटरही फिरत नसाल, तर चालू स्थितीत, दोष सांगून विका.

मुंबईच्या कुर्ल्याहून जुनं इंजिन आणून टाकतो, असंही कुणी सुचवेल. स्वस्त पडतं. पण बिल नसेल तर घेऊ नका. इंजिन नंबर आरसीवर बदलून घ्यावा लागतो, आणि ते इंजिन कुठल्या गाडीतनं उतरलं हे उद्या पोलिसांनी विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

करायचंच ठरलं तर कामाआधी लेखी अंदाज घ्या आणि जुने पार्ट परत मागा. हेड लेथवर गेलं की एकदा स्वतः तिथं जा. आम्ही हेडवर सरळपट्टी उभी धरतो आणि खालनं फीलर गेजची पाती सरकवतो. 0.05 मिलिमीटरची पाती आत गेली तर हेड वाकलंय, फेस मारावा लागेल. नाही गेली तर फेसिंगचे पैसे देऊ नका. बोअर मारला असेल तर पहिले हजार किलोमीटर लोड टाकू नका, एकाच वेगानं लांब पळवू नका, आणि हजाराला ऑइल-फिल्टर बदला. त्या पहिल्या ऑइलमध्ये चकाकी दिसेल. ती नव्या रिंगा बसल्याची असते. दुसऱ्या वेळीही दिसली तर तसंच बिल घेऊन मिस्त्रीकडं जा.