कोरड्या ओठांसाठी लिप बाम निवडताना

ठाणे आणि नवी मुंबईची हवा वर्षातील बराच काळ दमट असते, तरीही इथे ओठ फुटण्याची तक्रार थंडीपुरती मर्यादित राहत नाही. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातील कार्यालयांत दिवसाचे आठ-नऊ तास एसीत जातात आणि एसी खोली थंड करताना हवेतील ओलावाही काढून घेतो. घोडबंदर रोडवरून किंवा पामबीच मार्गावरून दुचाकीने ये-जा करणाऱ्यांच्या ओठांवर ऊन आणि वारा दोन्हींचा मारा होतो. जानेवारीत जमिनीकडून कोरडे वारे सुटले की त्यात आणखी भर पडते. म्हणून आपले ओठ नेमके कशाने सुकतात हे आधी लक्षात घ्यावे आणि मगच दुकानात जावे.

इतर त्वचेला तैलग्रंथींचे तेल मिळते. ओठांच्या लाल भागात या ग्रंथी जवळजवळ नसतात, तिथला वरचा थरही फार पातळ असतो. त्यामुळे आतील पाणी चटकन उडून जाते. जीभ फिरवून ओठ ओले केले तर ती लाळ सुकताना कोरडेपणा वाढवते, आणि ही सवय सुटली नाही तर महागडा बामही फारसा उपयोगी पडत नाही.

चांगल्या उत्पादनाचे मुख्य काम ओठांतले पाणी उडू न देणे हे आहे. वेष्टनावरील घटकांची यादी साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते, म्हणून पहिली चार-पाच नावे वाचली तरी पुष्कळ कळते. त्यांत पेट्रोलॅटम (म्हणजे आपली साधी पेट्रोलियम जेली), मेण, शिया बटर, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतील मेणचट पदार्थ) किंवा डायमेथिकोन (एक प्रकारचे सिलिकोन) यांपैकी काही असावे. ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतात, परंतु त्यांच्यावर झाकणारा थर नसेल तर एसीच्या कोरड्या हवेत ते पाणीही उडून जाते. त्यामुळे केवळ या दोघांच्या जोरावर विकले जाणारे पातळ जेल कार्यालयात बसणाऱ्याने घेऊ नये.

मेन्थॉल, कापूर, निलगिरी, पुदिना किंवा दालचिनीचा अर्क असलेला बाम फुटलेल्या ओठांना लावू नये. लावताच जो गार झणझणीतपणा जाणवतो, त्याला बरेच जण ‘औषध लागू पडतेय’ असे समजतात. प्रत्यक्षात ती जळजळ असते, ओठ पुन्हा सुकतात आणि हात पुन्हा डबीकडे जातो. तीव्र सुगंध आणि फळांचे स्वाद यांचेही तेच, शिवाय स्वादामुळे ओठ चाटण्याचा मोह वाढतो. लॅनोलिन किंवा मेणाची ॲलर्जी काहींना असते, म्हणून नवे उत्पादन आधी कोपराच्या आतील बाजूस दोन-तीन दिवस लावून पाहणे बरे.

दुपारी बाहेर हिंडणाऱ्यांनी एसपीएफ (उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचे माप) ३० किंवा त्याहून अधिक असलेला बाम घ्यावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावा, कारण ओठांवर रंगद्रव्याचे संरक्षण कमी असते आणि चहा-पाण्यासोबत बाम पुसला जातो. रात्री मात्र एसपीएफची गरज नसते. तेव्हा साधी जेली पुरते.

कांडी घ्यावी की डबी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. उष्णतेत कांडी उभी राहावी म्हणून तिच्यात मेण अधिक घालतात, आणि अशी घट्ट कांडी भेगाळलेल्या ओठांवर ओढली की सुटलेली सालपटेच ओरबाडली जातात. ओठ फार फुटले असतील तर डबीतील किंवा ट्यूबमधील मऊ मलम घ्यावे. मे महिन्यात गाडीत राहिलेला शिया बटरचा बाम वितळून पुन्हा थिजला की रवाळ होतो. तो वाया गेलेला नसतो, पण ओठांवर खरखरीत लागतो.

कोकणी मालाच्या दुकानांत मिळणारे भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, हा जुना उपाय आजही विश्वासाने घ्यावा असा आहे. ते फिकट, टणक गोळ्याच्या रूपात मिळते आणि साधारण ४० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे गोळा थेट ओठांवर घासून भागत नाही. चमच्यात थोडे खरवडून मंद आचेवर पातळ करावे, कोमट झाल्यावर बोटाने लावावे. थोडे खोबरेल मिसळले तर ते पुन्हा दगडासारखे थिजत नाही. त्यात सुगंध नाही, पुदिना नाही, आणि एक गोळा हिवाळाभर पुरतो. बेंबीत तेल घातल्याने ओठ मऊ होतात असे घरोघरी सांगतात, पण बेंबीतून ओठांपर्यंत तेल पोहोचण्याचा मार्ग शरीरात नाही. तेच तेल सरळ ओठांना लावावे.

कोणताही बाम तोंड धुतल्यावर, ओठ किंचित ओलसर असतानाच लावावा. सालपटे ओढू नयेत, साखर-लिंबाने घासूही नयेत.

तरीही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर टूथपेस्टही बदलून पाहावी, कारण तिच्यातील फेस आणणारे रसायन किंवा स्वाद काहींना त्रास देतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ सुकणे हा त्यांचा नेहमीचा परिणाम आहे. तसे डॉक्टरांना सांगावे. ओठांचे कोपरे चिरत असतील तर बुरशीचा संसर्ग किंवा लोह आणि ब-जीवनसत्त्वांची कमतरता असू शकते, आणि खालच्या ओठावर न भरणारा खवलेदार चट्टा असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे टाळू नये. तापानंतर ओठांवर पाणीदार पुळ्या उठल्या असतील तर आपली डबी घरातील दुसऱ्या कोणालाही वापरू देऊ नये.