ब्लिस बिल्ड करताय? मग थ्रेडिंगचं आधी बघा

मॅट्रिक्सचे गुणाकार फास्ट करायचे म्हणून कोणीतरी ब्लिस (BLIS, मॅट्रिक्सच्या गणितांची ओपन सोर्स लायब्ररी) सुचवतं, आपण उत्साहात बिल्ड करतो आणि मग हे तर जुन्या ओपनब्लासपेक्षा (अशीच दुसरी लायब्ररी) स्लो चालतंय म्हणून वैतागतो. माझी अख्खी संध्याकाळ यात गेली. चूक माझीच, ब्लिसमध्ये मल्टिथ्रेडिंग डीफॉल्टला बंद असतं आणि मी ते चालूच केलं नव्हतं, म्हणजे आठ कोअरपैकी एकटा राबतोय आणि बाकीचे सात गंमत बघतायत.

आधी हे आहे काय ते थोडक्यात. अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीत रॉबर्ट व्हान दे गाइन यांच्या ग्रुपमध्ये हे तयार झालं, कोड बराचसा फील्ड व्हॅन झी यांचा, आणि त्यांना न् डेव्हिन मॅथ्यूज यांना यासाठी 2023 चं विल्किन्सन प्राइझपण (गणिती सॉफ्टवेअरसाठीचं) मिळालं. लायसन्स बीएसडी, त्यामुळे ऑफिसच्या कामात वापरायला अडचण नाही. याला नुसती लायब्ररी न म्हणता फ्रेमवर्क म्हणतात, कारण प्रत्येक नव्या सीपीयूसाठी सगळं परत लिहावं लागत नाही, मायक्रोकर्नल नावाचा एक छोटा तुकडा लिहायचा, त्याच्या भोवतीचे पाच लूप साध्या सी मध्ये आधीच तयार आहेत. हॅसवेलवर (इंटेलचे एका पिढीचे सीपीयू) हा तुकडा एका वेळी उत्तराच्या मॅट्रिक्सचा 6 बाय 8 चा चौकोन धरतो, म्हणजे 48 डबल (64 बिटांचे दशांश आकडे), ते बसतात सीपीयूच्या आतल्या 12 व्हेक्टर रजिस्टरमध्ये, एकात चार, एकूण असतात 16, उरलेले 4 इनपुटला. किती चपखल हिशोब आहे बघा!

आता बिल्ड. गिटहबवरून सोर्स क्लोन करा, फोल्डरमध्ये जाऊन कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवा, तिला डॅश टी ओपनएमपी द्या (ओपनएमपी म्हणजे काम थ्रेडमध्ये वाटायची पद्धत), आणि तुमचा कोड सीब्लासचे (ब्लास या मॅट्रिक्स-गणिताच्या जुन्या स्टँडर्ड इंटरफेसचं सी रूप) फंक्शन वापरत असेल तर डॅश डॅश इनेबल डॅश सीब्लासपण द्या कारण तेही डीफॉल्टला बंदच. सगळ्यात शेवटी ऑटो लिहा, म्हणजे सीपीयू कुठला ते स्क्रिप्ट स्वतः ओळखते. मग मेक, मेक चेक, मेक इन्स्टॉल. मेक चेक टाळू नका हो, गुणाकार चुकला तर प्रोग्राम क्रॅश होत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर देतो.

एवढं करूनही ते एकाच थ्रेडवर चालेल! रन करताना ब्लिस_नम_थ्रेड्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळं कॅपिटल) सेट करावं लागतं. आकडा खऱ्या कोअरचा टाका, हायपरथ्रेडिंगचा (एक कोअर दोन असल्यासारखा दिसतो तो) डबल आकडा नको.

नंतर मोजून बघा. 2000 बाय 2000 च्या दोन मॅट्रिक्सच्या गुणाकारात साधारण 1600 कोटी ऑपरेशन होतात, अर्ध्या सेकंदात झालं तर 32 गिगाफ्लॉप्स (सेकंदाला 3200 कोटी ऑपरेशन). थ्रेड 1 ठेवून एकदा आणि 4 ठेवून एकदा चालवा, आकडा हललाच नाही तर समजा थ्रेडिंग लागलेलं नाही.

नुसतं नमपायसाठी (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) हवं असेल तर एवढा उपद्व्याप नको, कोंडा-फोर्जमध्ये (तयार पॅकेजचं भांडार) लिबब्लास पॅकेजचं ब्लिसवालं व्हेरिएंट मिळतं. खरंच तेच लोड झालंय का ते थ्रेडपूलसीटीएल हे पायथन पॅकेज सांगतं.

सी मध्ये लिहिणाऱ्यांनी मात्र जुन्या ब्लासच्या इंटरफेसवर थांबू नये, ब्लिसचा स्वतःचा वापरून बघा. त्यात प्रत्येक मॅट्रिक्सला रो स्ट्राइड आणि कॉलम स्ट्राइड (मेमरीत पुढच्या रो किंवा कॉलमपर्यंतचं अंतर) वेगवेगळे देता येतात, त्यामुळे रो-मेजर (ओळीने साठवलेली), कॉलम-मेजर (स्तंभाने साठवलेली), नाहीतर मोठ्या टेन्सरमधला (अनेक दिशांचा आकड्यांचा तक्ता) मधलाच एखादा काप, कॉपी न करता थेट गुणता येतो. माझ्या कोडमधले कॉपीचे तीन लूप यामुळे उडाले.

आणि हो, यात लापॅक (ब्लासच्या वरची, अवघड मॅट्रिक्स-गणितांची लायब्ररी) नाही. आयगेनव्हॅल्यू, एसव्हीडी वगैरे हवं असेल तर त्याच ग्रुपचं लिबफ्लेम किंवा नेहमीचं लापॅक वरून लिंक करा, नाहीतर लिंकर अनडिफाइन्ड रेफरन्सची ही एवढी मोठी यादी तोंडावर फेकतो.