महाबलीच्या हातात विजेचा खांब देताना या चुका टाळा

दादरला आम्ही कॉमिकची कार्यशाळा घेतो. तिथे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या पहिल्या कथेत एक महाबली असतो आणि दुसऱ्याच पानावर तो काहीतरी उपटतो. विजेचा खांब, बस, गच्चीवरची टाकी, मरीन ड्राइव्हचा टेट्रापॉड, म्हणजे लाटा अडवायला टाकलेला काँक्रीटचा चार पायांचा ठोकळा. मला हा प्रकार मनापासून आवडतो. म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून जीव वैतागतो.

धरलंय कुठे, तेच ठरवलेलं नसतं. एका मुलाने फार सुंदर पानं आणली होती. नायक मरीन ड्राइव्हवर डबलडेकर उचलतो आणि गरागरा फिरवतो. शाई मारून सगळं तयार. त्या दिवशी बसडेपोतून निवृत्त झालेले एक काका नातवाला सोडायला आले होते. त्यांनी चष्मा वर करून पान बघितलं आणि विचारलं, "याने बस धरलीय कुठे?"

"मागचा बंपर, काका. तो सुपरहीरो आहे, त्याला जमतं."

"ताकद त्याच्यात आहे रे. बंपरमध्ये कुठाय?"

मुलगा गप्प. काका खालीच बसले आणि पेन्सिलीने बसचं पोट काढून दाखवलं: चासीचे, म्हणजे खालच्या सांगाड्याचे, दोन लांब गर्डर कुठून कुठे जातात, जॅक कुठे लावतात, पत्रा नुसता वरून कसा बसवलेला असतो. मुलाने ती पानं पुन्हा काढली. आता नायक बसखाली सरपटत जातो, खांदा चासीला लावतो, गुडघे थरथरतात आणि वरच्या मजल्यावरून एक बाई खिडकीतून वाकून विचारते, "काय चाललंय खाली?" लढाई एका पानाने वाढली आणि पहिल्यांदाच तो नायक बलवान वाटला.

त्यातली दुसरी गोष्ट म्हणजे जमीन. दहा टनांची बस उचलली की ते सगळं वजन दोन तळव्यांतून खाली जातं. तळवे मिळून 400 चौरस सेंटिमीटर धरा. दर चौरस सेंटिमीटरला 25 किलो झाले. भरलेल्या ट्रकच्या टायरखाली साधारण आठेक किलो असतात. आपल्या फुटपाथवर पेव्हर ब्लॉक वाळूवर मांडलेले असतात, ते खचणारच. मग खचलेले दाखवा ना! आणि फिरवायचं म्हणाल तर 80 किलोचा माणूस दहा टनांना फिरवत नाही, दहा टन त्याला फिरवतात. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य बसमध्येच असतो. पाय कशाला तरी अडकवा, पाठ पुलाच्या खांबाला लावा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी 20 लिटरचा पाण्याचा जार हात लांब करून धरायला लावतो. पाठ कुठे वाकते, कुठला पाय मागे जातो, ते अंगाला कळलं की मगच पेन्सिल. इंटरनेटवरून पोझ ट्रेस करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांची चित्रं तशीच दिसतात, वजन नसलेली.

शस्त्र झिजतच नाही. रस्त्यावरचा दिव्याचा खांब आतून पोकळ असतो, पत्रा तीन-चार मिलिमीटरचा. खाली प्लेट, तिला बोल्ट, आत केबल. तो मुळासकट झाडासारखा निघत नाही. बोल्ट तुटतात नाहीतर काँक्रीटचा गोळा सोबत येतो. आणि पहिल्या जोरदार फटक्यात तो मधेच मुडपतो. नवशिक्यांच्या खांबाला मात्र पाच पानं साधा पोचा येत नाही.

महाभारतातला अभिमन्यू आठवा. धनुष्य तुटलं, मग ढाल-तलवार, तीही गेली, मग रथाचं चाक, चाकाचे तुकडे झाले, मग गदा. हातातलं एकेक संपत जातं म्हणून तो प्रसंग अंगावर येतो. चाक उचललं ते शोभा म्हणून नाही, दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. तुमच्या नायकाचा खांब वाकला की पुढे काय, हा प्रश्न लिहिताना सारखा विचारत राहा. वाकलेला खांब आकड्यासारखा वापरता येतो, पोकळ असल्यामुळे फाटून धारदार होतो. टेट्रापॉडमध्ये सहसा सळया नसतात, तेव्हा त्याचा पाय मोडला तर सरळ तुटून पडेल. मला अशी पानं द्या, मी रात्रभर वाचेन.

बाकीच्या चुका थोडक्यात.

वेग. 12 मीटरचा खांब अर्धा फेरा 0.2 सेकंदात फिरवला तर टोकाचा वेग ताशी 680 किलोमीटरच्या आसपास जातो. वेगरेषा कमी करा, चौकटी वाढवा.

आकार दुप्पट केला की वजन आठपट. गॅलिलिओने 1638 मध्ये छापलेल्या ग्रंथात हा हिशोब मांडलाय, तरी मुलं गदा फुगवतच राहतात.

टाकी रिकामी की भरलेली, ते ठरवा. 1000 लिटर म्हणजे पाणीच एक टन, आणि अर्धी भरलेली असेल तर पाणी हिंदकळून नेम चुकवणार.

जुनी लाल डिझेल डबलडेकर सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाली. कथा आजची असेल तर वातानुकूलित इलेक्ट्रिक काढा.

आणि लोकलचा डबा. तो उचलून फिरवणारे किमान वर तरी बघा! तिथल्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. डबाही धातूचा, नायकाचे हातही त्यालाच चिकटलेले. नायकाला विजेचं काही होत नाही, अशी पळवाट काढू नका; तुमच्या कथेतली सगळ्यात भारी अडचण त्यात फुकट जाते. डबाच हवा असेल तर रविवारचा मेगाब्लॉक घ्या. ओव्हरहेड वायरचं काम असलं की तेवढ्या पट्ट्यातला पुरवठा बंद ठेवतात. लढाई तिथे लावा, आणि पुरवठा पुन्हा सुरू व्हायला किती मिनिटं उरलीत ते प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लिहीत जा.