चिरालीला निघताना: टॉर्च, टॉर्च आणि बाकीचं

तुर्कस्तानातल्या चिराली या समुद्रकाठच्या गावाला निघालात तर आधी टॉर्च बॅगेत टाका, मग पुढचं वाचा. मोबाइलचा चालणार नाही. वेगळा, डोक्याला बांधायचा, नव्या सेलचा हवा.

पासपोर्ट, तिकिटं, विमा, गोळ्या-औषधं हे सांगायला नकोच. व्हिसाचं मात्र नीट बघा. भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा नाहीतर रहिवासी परवाना असेल तरच मिळतो. नसेल तर रीतसर अर्ज करा, आणि तो लवकर करा. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या दलालांच्या साइट्सही आहेत, तिथे जादा पैसे घालवू नका.

अंताल्या शहराच्या विमानतळावर उतरलेली बहुतेक गर्दी बेलेक, सिदे नाहीतर केमेरच्या मोठ्या हॉटेलांत जाते. चिराली त्याच किनाऱ्यावर, अंताल्यापासून नैर्ऋत्येला ऐंशीएक किलोमीटर. केमेर आणि तेकिरोवा मागे पडले की पुढे. अंताल्याच्या बसस्थानकावर कुम्लुजाकडे जाणारी गाडी धरायची आणि ड्रायव्हरला चिरालीचा फाटा आधीच सांगून ठेवायचा. गाडी हायवेवरच सोडते. तिथून गाव सात किलोमीटर खाली, सगळा वळणावळणाचा उतार. फाट्यावर डोल्मुश मिळते. डोल्मुश म्हणजे आपली वडाप, माणसं भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून उजेडात पोहोचा, नाहीतर मुक्कामाच्या ठिकाणी गाडी पाठवता येईल का ते आधी विचारून ठेवा. उशीर झालाच तर त्या फाट्यावर टॉर्च लागतो. बघा, गावात शिरायच्या आधीच लागला.

तिथलं चलन लिरा, ते रोखीने न्या, सुट्ट्या नोटा जास्त. सगळीकडे कार्ड चालेल या भरवशावर राहू नका. किनाऱ्यावर वाळूपेक्षा गोटेच जास्त, तेव्हा पाण्यात घालायचे बूट घ्या. साध्या स्लिपरवर तळपाय सोलून निघतात.

आता कासवं. लॉगरहेड जातीच्या माद्या उन्हाळ्यात इथे अंडी घालायला येतात, पिल्लं साधारण जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर पडतात. वेळासला कासव महोत्सव पाहिला असेल तर हे ओळखीचं वाटेल, फक्त तिथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवं असतात आणि अंडी हलवून हॅचरीत, म्हणजे कुंपणातल्या राखीव जागेत ठेवतात. इथे घरटं जागीच राहतं, त्यावर जाळीचा पिंजरा ठेवतात. त्याच्या आसपास छत्री रोवू नका, टॉवेल पसरू नका. पिल्लू अंधारात उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतं. मागून दिवा दिसला तर उलटं वळतं आणि सकाळी उन्हात मरतं. म्हणून किनाऱ्यालगत रात्री दिवे कमी ठेवतात. याचा अर्थ दोन गोष्टी. किनाऱ्यावर टॉर्च बंद म्हणजे बंद, फ्लॅशसुद्धा नको. आणि गावातल्या बाकी वाटांवर टॉर्चशिवाय पान हलत नाही.

टॉर्चचं सगळ्यात मोठं कारण यानार्ताश. गावापासून काही किलोमीटरवर डोंगराच्या कातळातून मिथेन झिरपतो आणि भेगाभेगांतून ज्वाळा निघतात. हजारो वर्षं हे चालू आहे. आग ओकणाऱ्या खिमैरा राक्षसिणीची ग्रीक कथा याच जागेशी जोडतात. उजेडात ज्वाळा फिक्या दिसतात, म्हणून लोक संध्याकाळी चढतात. तिकीट काढून वर जायला अर्धा तास. पायऱ्या आहेत, पण ओबडधोबड, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. चढताना संधिप्रकाश असतो, काही वाटत नाही. वर काही मंडळी ज्वाळांवर सॉसेज भाजत बसलेली असतात, आपणही रमतो. उतरताना मिट्ट काळोख. मागच्या वेळी आमच्याकडे टॉर्च नव्हता. फोटो काढून काढून मोबाइल लाल रेषेवर आलेला, एका हातात तो, दुसऱ्या हाताने पाइनची फांदी चाचपत, आणि पायरी कुठे संपते ते बुटाच्या टोकाने शोधत खाली आलो. माणशी एक टॉर्च. दोघांत एक नाही. पुढच्याला दिसतं, मागचा स्वतःच्याच सावलीत धडपडतो. सेल सुटे घ्या. बूट बंद घाला.

ओलिंपोस या प्राचीन शहराचे अवशेष किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, सकाळी लवकर जा, पाणी न्या. जुलै-ऑगस्टचं ऊन भाजून काढतं, मे किंवा ऑक्टोबर बरा. डासांचं मलम घ्या. शाकाहाऱ्यांनी चीज-पालकाची गोझलेमे, म्हणजे सारण भरलेली पातळ पोळी मागावी, सूपबद्दल विचारून घ्यावं, मांसाचं पाणी असू शकतं. चार्जरला युरोपातली गोल दोन पिनांची पिन. परतीला फाट्यावरची बस वेळेवर येईलच असं नाही, विमानाआधी भरपूर वेळ ठेवा, आणि पहाटेचं विमान असेल तर सरळ आदल्या रात्री अंताल्यात मुक्काम करा.